रोहीच्या मानेवर बूट

सोनाळ्यात कोणी मेलं की तिरडीचे बांबू येण्याआधी सत्यभामाकाकूंना निरोप जातो. शेवटचा फोटो त्याच काढतात. मयताला गंध लावून खुर्चीवर टेकवायचं, घरच्यांनी खाली बसायचं, तेही अनवाणी. नवरा गेल्यावर स्टुडिओ काकूंनी चालवला आणि हा नियम सरपंचालाही मोडू दिला नाही.

"ए बापू, चप्पल काढ! तुह्या बापाचा फोटो हाये, बैलबाजाराचा नाही!"

लोक आधी चपला काढतात, मग रडतात.

तर अशा काकू आफ्रिकेला निघाल्या होत्या.

झालं असं, की रोहींनी, म्हणजे नीलगायींनी, गावचा हरभरा पार लोळवला. तेव्हा रीतसर परवानगी काढून पुण्याहून शिकारी बोलावला, प्रसेनजितसाहेब. हे एरवी पैसेवाल्यांना आफ्रिकेत शिकारीला नेतात. स्टुडिओत बसून मोबाईल दाखवायचे, "हा पहा सिंह. हा झेब्रा. ही तिकडची रानम्हैस, काय सुंदर आहे नाही?" प्रत्येक फोटोत साहेब तेच, हसू तेच, फक्त पायाखालचं मेलेलं जनावर वेगळं.

"नवरदेव एकच, नवऱ्या बदलून राह्यल्या," काकू म्हणाल्या.

साहेब खो खो हसले. "मार्चच्या ग्रुपसोबत फोटोग्राफर हवाय. येता?"

"जिता हत्ती दिसन का?"

"कळपच्या कळप!"

काकूंनी उभ्या जन्मात माणसंच टिपली होती. त्या रात्री त्यांना झोप आली नसावी, कारण सकाळी अख्ख्या गावाला हत्ती तोंडपाठ झाला होता. साहेबांची अट एकच होती: आधी इथल्या शिकारीचा फोटो काढून दाखवायचा.

कडूबाच्या वावरात रोही पडला. अर्धं गाव जमलं. साहेबांनी टोपी नीट केली, बंदूक खांद्यावर घेतली आणि रोहीच्या मानेवर बूट ठेवला.

"घ्या काकू! खालून घ्या, जनावर मोठं दिसलं पाहिजे."

काकूंनी कॅमेरा खाली केला. "बूट काढा."

"काय?"

"मयताच्या फोटोत बूट चालत नाही."

"अहो बाई, जनावर आहे ते!"

"मंग? मेलं नाही का?"

कडूबा कळवळला. "काकू, यानं माहा हरभरा खाल्ला ना वो! काढून टाका फोटो."

"तुह्या बापानं जलमभर भावाच्या वावराचा धुरा कोरून खाल्ला. त्याच्या फोटोत तू चप्पल काढली का नाही?"

गाव फिसकन हसलं. कडूबा ढेकळं मोजू लागला.

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाई, आफ्रिकेला यायचंय ना तुम्हाला?"



"यायचंय. लय यायचंय."

"मग घ्या फोटो."

"मंग काढा बूट."

साहेबांनी बूट नाही काढला. मोबाईल गर्दीतल्या हरिओम नावाच्या पोराच्या हातात कोंबला, त्यानं दोन-चार फोटो मारले, आणि साहेब जीपमध्ये बसून गेले. वनखात्याचे लोक पंचनाम्याला येईपर्यंत काकू तिथंच बसल्या. रोहीच्या डोळ्यावरची माती पदरानं पुसली. मग वहाणा बाजूला सारून एक फोटो काढला. तो आता स्टुडिओच्या काचेत आहे, नवरा-नवरींच्या फोटोंच्या मधोमध.

मार्चमध्ये ग्रुप गेला. हरिओमला चेव आला. भर बाजारात ओरडला, "काऊन वो काकू, गेली ना आफ्रिका हातची?"

"जाईन ना बे. तुह्या लग्नाचे फोटो काढून त्याच पैशानं जाईन. पोरगी भेटली का तुले, का हत्तीनं वाटच पाहायची?"