वहिनींनी तपासलेलं जॅकेट

त्या पावसाळ्यात आमची डायव्हिंग टीम गोदावरीकाठी तैनात होती. मी सुभेदार, टीमचा कमांडर. पहाटे फॉल-इन, मग इक्विपमेंट चेक. डायव्हरच्या पाठीवर हवेची टाकी असते आणि अंगात एक जॅकेट. त्यात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. जॅकेट धड नसेल तर पट्टीचा पोहणाराही पाण्यात धोंडा होतो.

एका दुपारी पुलावरून टेम्पो वाहून गेला. ड्रायव्हर बाभळीला लटकला होता. हवालदार दत्ता पाण्यात उतरला. त्याच्या कमरेचा दोर बोटीत माझ्या हातात होता. तो पोचला आणि ड्रायव्हरचे हात सुटले. दत्ताने स्वतःचं जॅकेट काढून त्याच्या काखेत अडकवलं, हवा भरली आणि आपला दोरही त्यालाच बांधला. आम्ही ओढलं. वायरलेसवर मी कळवलं.

"सिव्हिलियन सेफ. ओव्हर."

"डायव्हर? ओव्हर."

प्रवाहातून वाहत आलेल्या ओंडक्याने दत्ताला खाली नेलं होतं. तो पुन्हा वर आलाच नाही.

आता मी रिटायर्ड. दत्ताचं घर माझ्याच शहरात, नल्लकुंटा वस्तीत आहे. त्याची मुलगी श्रुती आयटीत नोकरी करते. यंदा बुडालेल्यांना शोधणाऱ्या एका स्वयंसेवक पथकात तिची निवड झाली. जॅकेट ज्याचं त्याने आणायचं होतं. श्रुतीची आई, म्हणजे आमच्या वहिनी, तिला म्हणाल्या, "जॅकेट भाऊजींनी निवडलं तरच जायचं, नाही तर नाही." पोरीचं जाणं न जाणं माझ्या गळ्यात पडलं.

आबिड्स बाजारातल्या डायव्हिंगच्या दुकानात मालकाने दोन जॅकेटं मांडली. एकाची हवेची पिशवी फक्त पाठीशी, दुसऱ्याची अंगाभोवती. श्रुती पहिल्यावरच भाळली.

"काका, हे किती लाइट आहे. पाण्याखाली बॉडी एकदम स्ट्रेट राहते."

"और पानी के उप्पर आए तो?" मी मालकाला विचारलं.

"हवा जास्ती भरे तो मुंडी आगे झुकती साब. नवे लोगां कू मैं दुसरा वालाच देतौं."

मी दुसरं उचललं. वहिनींनी त्याचं बकल चाचपलं.

"भाऊजी, हे लई सहज सुटालंय. न सुटणारं घ्या हिला."

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण गढूळ पाण्यात तारेत अडकलं तर जॅकेट काढूनच सुटावं लागतं, आणि तिथे डोळ्यांचा उपयोग नसतो. मी तसं सांगितलं.

"न सुटणारं जॅकेट मी हिला घालू देणार नाही, वहिनी."

"आन् हिनं बी काढून दिलं कुणाला तर?"

"ते माझ्या हातात नाही. दोर स्वतःच्या कमरेलाच ठेवायचा, एवढं मी हिच्याकडून घोकून घेईन."

वहिनींनी जॅकेट श्रुतीच्या अंगात चढवलं. डोळे मिटले आणि एकेक बकल उघडत गेल्या. एक अडलं.

"हे अडकालंय. दुसरं दाखवा."

मालकाने त्याच मापाचं दुसरं आणलं. पुन्हा डोळे मिटून तीच तपासणी. या वेळी सगळी बकलं झटक्यात सुटली.

"ह्यांचं असंच सुटलं म्हणून तो माणूस वाचला, नाही का भाऊजी?"

"हो."

"मग हेच बांधा."

रविवारी श्रुती ते जॅकेट घालून स्विमिंग पूलमध्ये उतरली. वहिनी काठावर उभ्या होत्या. मला दत्ताची फार आठवण आली, आणि या वेळी त्याचा हसरा चेहरा आठवला.