क्ष बरोबर दहा

मनकर्णाबाईंच्या वर्गात एखादं पोर म्हणालं, "बाई, बीजगणिताचा उपयोग काय?" तर बाईंच्या हातातला खडू जागच्या जागी मोडायचा. पोर बिचारं पांढरंफटक पडायचं. पण बाईंचा राग पोरावर नसायचा. तो बहात्तर सालचा होता आणि अजून निवला नव्हता.

त्या साली मनकर्णा अठरा वर्षांची होती. अंबाजोगाईला राहून मॅट्रिक झालेली, बौद्धवस्तीतली पहिलीच. दुष्काळानं गावच्या विहिरींचा तळ दिसत होता. जी एक विहीर ओली होती तिला वस्तीतल्या बायांनी हात लावायचा नाही, बाजूला उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो घागरीत पोहरा ओतणार. तिची आई भामाबाई अर्धा अर्धा दिवस तशी उभी राहायची. मनकर्णा ते बघायची आणि दातओठ खायची. कायदा आपल्या बाजूचा, सरकार आपल्या बाजूचं, आणि आई मात्र उन्हात उभी! हा कुठला न्याय?

त्यातच गावात सहकारी पाणीपुरवठा सोसायटी निघाली. चेअरमन झाला राधाकिशन. माणूस बोलायला साखर, पण सगळ्यांचं म्हटलं की ते आधी आपलं असं धरून चालणारा. ठराव झाला: पाणाड्या जमिनीखालचे दोन झरे दाखवील, ते जिथं मिळतील तिथं सोसायटीची विहीर. ठरावावर वस्तीच्या अकरा घरांचेही अंगठे होते.

पाणाड्या त्रिंबक आला. अनवाणी, तळहातावर नारळ. नारळ उभा राहिला की खाली पाणी, अशी त्याची विद्या. बांधाच्या दगडापासून बांधाच्या कडेनं मोजलं तर दोन कासऱ्यांवर एक झरा सापडला, बारा कासऱ्यांवर दुसरा. (बैलाचा कासरा हेच तिथलं माप.) एकेका झऱ्यापासून तो पूर्वेकडं चालला आणि मागून चुन्याच्या दोन सरळ रेघा पडत गेल्या, एकमेकींकडं झुकणाऱ्या. चार कासरे चालल्यावर घायपाताचं कुंपण आडवं आलं. आत राधाकिशनची मोसंबीची बाग, वाळायला टेकलेली. काट्यांत अनवाणी कोण शिरणार? त्रिंबक म्हणाला, "आता सरळ जाऊन मिळत्यात," आणि नारळ फोडला. नारळ फुटल्यावर रेघ बदलायची नाही, हा पाणाड्यांचा नेम.

"मिळत्यात म्हंजे माझ्या बागंतच," राधाकिशन म्हणाला. "बागंच्या मधोमध. नशीब म्हना माझं." आणि खुशाल हसला!

मनकर्णाचा नारळावर कवडीचा विश्वास नव्हता. पण ठराव रेघांवर होता ना? मग रेघा तरी खऱ्या धरा. तिनं कासरा घेतला, कुंपणाशी मोजलं. इथं दगडाच्या सरळ रेषेपासून एक रेघ चारवर होती, दुसरी दहावर. ती धुळीत बसली आणि काडीनं लिहायला लागली. पूर्वेकडचं अंतर क्ष. पहिली रेघ क्षच्या निमपट अधिक दोन. दुसरी बारातून क्षची निमपट वजा. मिळाल्या म्हणजे दोन्ही सारख्या. दोनाची वजाबाकी केली, दोन निमपटांचा एक क्ष झाला. क्ष बरोबर दहा.

बाग नवव्या कासऱ्यावर संपत होती. दहावा कासरा गायरानात पडत होता, वस्तीच्या तोंडाशी. गायरान सरकारी. तिथली विहीर म्हणजे कुणाच्या दयेची वाट बघायची गरज नाही.

"हा क्ष कोन बे?" राधाकिशननं लोकांना विचारलं. "सोसायटीचा सभासद हाय का?"

सगळे खो खो हसले. मनकर्णा ताडकन उठली.

"क्ष ऱ्हाऊ द्या, चेअरमनसाहेब. बांधाशी दोन रेघांत धा कासरे हायत. हितं सा. चार चाललं की चार कमी झाले. मग सा कमी व्हायला किती चालावं लागंल? बोला की!"

हिशोब सगळ्यांना समजला होता; जो तो राधाकिशनकडं बघायला लागला. त्रिंबकानं खाली मान घातली आणि पुटपुटला, "पानी आतून वळतं कवा कवा."

"वळतं तर रेघ सरळ कावून मारली?"

"ए पोरी, तोंड आवर," राधाकिशन म्हणाला. साखर संपली होती. "हात वर करा रे, बागंतच खंदायचं त्ये."

हात वर झाले. वस्तीचे अकरा हात खालीच राहिले, अकराच.

बागेत विहीर खणली आणि पाणी लागलं! चांगलं चाळीस हातांवर. मग काय, येता-जाता लोक म्हणायचे, "काय मॅट्रिकबाई, क्ष चुकला की!" मनकर्णाच्या अंगाची लाही व्हायची. अरे, पाणी लागलं म्हणून रेघा तिथं मिळाल्या का? रेघा दहावरच मिळतात, तुम्ही खणा कुठंही. पण खोट्याला पाणी लागलं की त्याला खरं म्हणायला गाव तयारच असतं.

मोसंबी हिरवी झाली. सोसायटीच्या विहिरीवर वस्तीतल्या बाया पुन्हा बाजूला उभ्या राहिल्या. एका दुपारी मनकर्णाही आईजवळ उभी होती. पोहरा कठड्यावर पडलेला, ओतायला कुणी नाही.

"मने," भामाबाईनं हळूच विचारलं, "तुजं गनित बरूबर व्हतं ना?"

"व्हय."

"आन् ठरावावर तुज्या बापाचा अंगठा हाय?"

"हाय."

"मग आपुन हितं कावून उबं हावोत?"

मनकर्णा कठड्याशी गेली आणि पोहरा विहिरीत सोडला. मोसंबीच्या झाडांतून राधाकिशन ओरडत येत होता. तिनं दोर ओढला, आईची घागर भरली, आणि मागच्या बाईकडं घागरीसाठी हात पुढं केला.