वहिनीचा बुवा कुक

आमच्या वहिनीला पसरलेलं काही बघवत नाही. टॉवेल दिसला की घडी, चादर दिसली की घडी. पेपर तर मी वाचत असतानाच. "भाऊजी, पाचवं पान वाचताय ना? मग बाकीचा पसारा कशाला?" असं म्हणत पाचवं पान माझ्या हातात ठेवते आणि उरलेला पेपर घडी घालून नेते. दादा म्हणतो, "सोफ्यावर जरा आडवं व्हायचं म्हटलं तरी मला धास्ती वाटते रे!"

वहिनी प्रोग्रॅमर आहे, आणि तिचं कोडही असंच. एडिटरमध्ये ओळींच्या डाव्या बाजूला बारकासा बाण असतो. तो दाबला की त्याखालचं सगळं कोड मिटून नुसतं शीर्षक उरतं. पुन्हा दाबला की सगळं बाहेर. इतर लोक ही सोय अधूनमधून वापरतात, वहिनीने तिच्यावर संसार मांडलाय. ज्यावर हात चालू असेल तेवढा भाग उघडा, बाकी सगळं मिटलेलं.

या बाणांवर आणखी एकीचा जीव. आमची अडीच वर्षांची पुतणी, टिल्ली. आईच्या मांडीवर बसून बाण दाबायचा, ओळी गडप झाल्या की "बुवाऽऽ", परत आल्या की "कुक!" त्यातही 'खुर्च्या' नावाचा भाग तिचा खास लाडका, कारण तो उघडला की स्क्रीन ओसंडून वाहायचा. वहिनी एका नाट्यगृहाचा तिकिटांचा प्रोग्रॅम लिहीत होती, आणि प्रेक्षकाला खुर्च्यांचा नकाशा दाखवायचं काम त्या भागाचं.

टिल्ली झाल्यानंतरची वहिनीची ही पहिलीच नोकरी, तीही 'महिनाभर बघू' म्हणून मिळालेली. त्या दिवशी कंपनीच्या मॅडमना व्हिडिओ कॉलवर काम दाखवायचं होतं. त्यांना पटलं तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार. सकाळपासून तिने धुतलेल्या चादरी उलगडून पुन्हा घड्या घातल्या, त्यावरून आम्ही काय ते समजलो.

मीटिंगच्या तोंडावर तिने कोडवर शेवटची नजर फिरवली. 'खुर्च्या' नावाच्या दोन ओळी, एकीखाली एक. त्यांतली एक म्हणजे आदल्या दिवशीचा फसलेला प्रयत्न. पण घडी घातलेल्या दोन चादरींमधली फाटकी कोणती, हे वरून कसं कळणार? वहिनीने एक ओळ उडवली आणि मॅडम स्क्रीनवर आल्या.

नाटक निवडलं, तारीख निवडली. रंगमंच झोकात उमटला. समोर खुर्ची एकही नाही.

"प्रेक्षक उभ्याने बघणार वाटतं?" मॅडम म्हणाल्या.

"एकच मिनिट हं," म्हणत वहिनीने कोड समोर आणलं आणि भराभर बाण दाबत सुटली. जन्मात पहिल्यांदा तिचं कपाट असं भसाभस उघडं पडलं होतं. टिल्लीला सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. ती कधी निसटली आणि आईच्या मांडीवर चढली ते मला कळलंच नाही. तिने आपला लाडका बाण दाबला. आतून निघाल्या जेमतेम दोन ओळी.

टिल्लीने भोकाड पसरलं. "हा नाहीऽऽ! माझा मोठ्ठा कुक कुठे गेला?"

वहिनीचा हात जागच्या जागी थांबला. "अगं बाई! चांगली चादरच फेकली की मी!"

तिने केलेलं मागे घेतलं. उडवलेली ओळ परत आली. टिल्लीने डोळे पुसत बाण दाबला आणि स्क्रीन ओसंडला. "कुक!" पाठोपाठ रंगमंचासमोर खुर्च्या रांगेने उगवल्या.

पलीकडून मॅडमच्या हसण्याचा आवाज. "पुन्हा करायला सांगा हो तिला!" मग दोघींचं बराच वेळ बुवा कुक चाललं, आणि वहिनीची नोकरी त्यातच कधीतरी पक्की झाली. "फक्त यापुढे काही उडवायचं झालं, तर आधी उघडून बघायचं," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर तुमच्या या धाकट्या साहेबांना विचारायचं."

वहिनीने हे चांगलंच मनावर घेतलंय. हल्ली ती पेपर रद्दीत टाकण्याआधी उलगडून बघते. परवा त्यातून माझा चष्मा निघाला, जो मी दोन दिवस घरभर शोधत होतो. तो माझ्या नाकावर चढवताना मायलेकी एकदमच ओरडल्या, "कुक!"