चक्रीवादळ आणि चाळीस मेंढ्या

सोलापूरच्या नवी पेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, लेस. साडीला हुबेहूब जुळणारा रंग शोधून देणं हा माझा धंदा आणि वादळं बघणं हा नाद. आमचे हे त्याला खूळ म्हणतात, पण लग्नाला तीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचं बोलणं कोण इतकं मनावर घेतं!

या खुळात मी एकटी नाही. पूर्व भागात टॉवेलचे लूम चालवणारे अण्णा आहेत. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात आणि मावसभाऊ आंध्रच्या किनाऱ्यावर राहतो, त्यामुळे तिकडची खबर आम्हाला घरबसल्या मिळते. तिसरे म्हणजे भूगोलाचे निवृत्त सर. ते हवेच्या दाबाबद्दल इतक्या काळजीने बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं यांचाच दाब वाढलाय. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा काउंटरवर लॅपटॉप उघडून आम्ही तिघं बसतो. आता सोलापूर कुठं आणि समुद्र कुठं! आमच्यापैकी समुद्र धड पाहिलेले फक्त अण्णा, तेही तिरुपतीला गेले होते तेव्हा वाट वाकडी करून.

काउंटरच्या मागे भिंतीवर पूर्व किनाऱ्याचा नकाशा लावलाय. बंगालच्या उपसागरात वादळ तयार झालं, की ते जमिनीवर कुठं चढणार याचा अंदाज करून प्रत्येकाने रंगीत टाचणी टोचायची. ज्याची टाचणी सगळ्यात जवळ, त्याला बाकीच्या दोघांनी भजी खाऊ घालायची. एवढाच आमचा जुगार.

दोन वर्षांमागे मैंदर्गीकडच्या एक आक्का हिरव्या इरकलीवर ब्लाऊजपीस घ्यायला आल्या. साठीच्या, ठसठशीत कुंकू, घरची ऐंशी मेंढरं. नकाशाकडे बोट करून म्हणाल्या, “ह्या टाचण्या कशाला टोचल्यात?” कुणी विचारायचाच अवकाश, मी अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, “मग आमच्याकडं पानी कवा येतंय, ते सांगता येतं का?”

तेव्हापासून मेंढरांची लोकर कातरायची असली, की त्यांचा आधी मला फोन. कातरलेली मेंढी पुढचे काही दिवस उघडीच असते. त्यात गार वारं आणि पाऊस एकदम आला तर कुडकुडून मरते, सकाळी कळपातली किती उठतील याचा भरवसा नाही. मी सांगायची, या आठवड्यात नको, पुढच्यात धरा. तीनदा माझं खरं ठरलं आणि मी जरा शेफारलेच.

मग परवाच्या दिवाळीआधी ते मोठं वादळ आलं. चार दिवस आमच्या डोळ्यांपुढे ते फुगत होतं. उपग्रहाच्या चित्रात मधोमध डोळा इतका गोल दिसत होता, की सर खुर्चीवरून उठून उभेच राहिले. शेवटच्या दुपारी तर आम्ही चहासुद्धा विसरलो. अण्णा फोन कानाला लावून मावसभावाशी बोलत होते आणि एकेक वाक्य आम्हाला मराठीत करून सांगत होते: घरचे सगळे शाळेत गेलेत, सुखरूप आहेत, नारळाची झाडं वाकलीत, लाइट गेली. चारच्या सुमाराला सर ओरडले, “लागलं! जमिनीला लागलं!” माझ्या टाचणीच्या अगदी शेजारी. मी टाळ्या पिटल्या. तिकडे लोकांची छपरं उडत असताना टाळ्या पिटणं बरं नव्हे, हे मला कळतं. पण पिटल्या खऱ्या.

नेमका तेव्हाच आक्कांचा फोन. “ताई, कातरनारे उद्या येत्यात. धरू का कातरनी?”

“खुशाल धरा,” मी म्हटलं. “वादळ चढलं जमिनीवर. आता संपलं.”

मला तेव्हा खरंच तसं वाटलं. आम्हा नादिष्टांची खोडच ती. वादळ जमिनीवर चढलं की त्याचा डोळा फुटतो, नुसते विस्कटलेले ढग उरतात आणि बघायला काही राहत नाही. सर लॅपटॉप मिटतात, अण्णा भजी सांगतात. त्या दिवशीही तेच झालं, आणि मी सगळ्यात जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. दिवाळीची गर्दी, एकीला आमसुली हवा तर दुसरीला त्याच्याहून जरा फिका. दारावर टांगलेल्या लेसच्या पट्ट्या सारख्या आत उडत होत्या. एक धरली तर हाताला सादळलेली लागली. बाहेर येऊन पाहिलं तर पूर्वेकडून ढग खाली आलेले. गिऱ्हाईकाला थांबवून मी लॅपटॉप उघडला. उरलंसुरलं वादळ विरलं नव्हतं. तेलंगण ओलांडून ते सरळ आमच्याकडे येत होतं, आणि संध्याकाळी वाऱ्यासकट पाऊस.

आक्कांना सहा वेळा फोन लावला. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. कातरणी चाललेली, फोन कुठल्या तरी पिशवीत पडलेला असणार. शेवटी अण्णांना फोन केला. ते काही न विचारता टेंपो घेऊन आले, मागे सुताच्या गठ्ठ्यांवर घालायच्या ताडपत्र्या टाकलेल्या. भर सणात दुकान सरांच्या हवाली केलं. त्यांनी त्या दिवशी राणी कलरच्या साडीवर डाळिंबी कापड दिलं, आणि ती बाई अजून मला ऐकवते.

अक्कलकोट मागे टाकलं. मैंदर्गीच्या अलीकडे रस्त्याकडेच्या, काढणी झालेल्या रानात आक्कांचा कळप बसला होता. अर्धा काळाभोर, लोकरीचा. अर्धा कातरलेला, बारका दिसणारा, कातडी दिसेल इतका उघडा. चाळीस कातरून झाली होती.

“ताई, तुमी हितं कशा?” आक्का हसत उठल्या.

“आक्का, मी चुकले. पाऊस येतोय. आजच.”

त्यांनी वर पाहिलं. “ढग सकाळपासनं दिसत हुतं की. पर तुमी म्हनला संपलं. म्हनलं, ताईला ठावं असंल.”

मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ज्या बाईचं आयुष्य आभाळाखाली गेलं, तिने माझ्या एका शब्दावर स्वतःचे डोळे बाजूला ठेवले होते. त्यांनी एक बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. पण त्यांना तेवढा वेळच नव्हता. कातरणाऱ्यांना हाताने थांबवलं आणि कामाला लागल्या.

वारं ज्या बाजूने येणार तिकडे बाभळींना ताडपत्र्या बांधून घेतल्या. त्यांचा मुलगा आणि अण्णा गाठी मारत होते, मी दगड आणून खालच्या कडा दाबत होते. मग आक्कांनी कळपच फिरवला. कातरलेली सगळी मधे, लोकरीची भोवतीने. काठीने ढोसत, नाव घेत, शिव्या देत एकेक मेंढी जागेवर आणली. बघता बघता लोकरीचं कुंपण तयार झालं. मेंढरांनाही ते कळल्यासारखं झालं, ती एकमेकींना चिकटून उभी राहिली.

पाचला पहिली सर आली, चांगली आडवी. आतली मेंढरं दिसत नव्हती, बाहेरच्यांच्या पाठीवरून नुसतं पाणी ओघळत होतं. आक्का म्हणाल्या, “जावा आता. वाटंत वढा हाय, भरला तर आडकचाल.” आम्ही ओलेचिंब होऊन निघालो आणि अंधार पडल्यावर घरी पोचलो. पाऊस काही थांबला नाही. मी जेवले नाही.

सकाळी सातला फोन वाजला.

“ताई, समदी उठली,” आक्का म्हणाल्या. “एक बी न्हाय गेलं.”

मला रडूच आलं. हे चहा घेऊन आले, माझ्याकडे पाहिलं आणि कप ठेवून गुपचूप आत गेले.

“ऐकताय न्हवं? ऱ्हायलेली चाळीस कवा कातरायची? कातरनारे मागं लागल्यात.”

“आक्का, एवढं झाल्यावरही मलाच विचारताय?”

“मग कुनाला इचारू? चुकलं तवा पळत दुसरं कोन आलं हुतं?”

मी डोळे पुसले, लॅपटॉप पुढे ओढला. मग पहिल्यांदाच त्यांना खरं ते सांगितलं, की आत्ता मला काही सांगता येत नाही, चार दिवस रोज बघेन आणि रोज फोन करेन, आणि तुम्हीही आभाळ बघून मला सांगायचं.

“व्हय की,” आक्का म्हणाल्या. “थांबते.”