विश्वकर्मा पूजेच्या दिवशीचं लॉगिन

काही प्रकरणांची फाइल बंद होते, पण ती डोक्यातून जात नाहीत. कोलकात्यात खिदिरपूर गोदीजवळच्या ठाण्यात मी तपास अधिकारी होतो, तेव्हाचं हे प्रकरण त्यांपैकीच.

जहाजावरचा माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीच्या मालकाने फिर्याद दिली. कंपनीच्या ई-मेलवरून कंटेनर ठेवतात त्या यार्डाला खोटा आदेश गेला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल फोनांनी भरलेला कंटेनर भलत्याच ट्रकवर चढला होता. ई-मेलचा पासवर्ड तिघांकडे होता: मालक, व्यवस्थापक आणि कागदपत्रं पाहणारी एक बाई. आदेश गेला त्या दिवशी मालक परगावी होता. कार्यालयातल्या वाय-फायला प्रत्येक कर्मचाऱ्याचं वेगळं लॉगिन होतं, आणि आदेश गेला तेव्हा नोंद त्या बाईच्या नावाची होती.

सायबर शाखेचा तरुण अधिकारी अटकेलाच निघाला. म्हणाला, "सर, लॉग खोटं बोलत नाही."

"लॉग बोलतच नाही. बोलतोयस तू," मी म्हणालो. माझा पारा तेव्हाही लवकर चढायचा.

बाई ठाण्यात आली. नवरा वारलेला, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. एकदा अटक झाली असती, तर गोदीच्या परिसरात तिला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं. मी आवाज चढवला. ती रडली नाही, उलट चिडली.

"सर, त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. यंत्राला हात कोण लावतं?"

"मग तुमचं लॉगिन काय देवाने वापरलं?"

"माझा लॅपटॉप देवापुढेच होता."

इथे मी थांबलो. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तशी कोलकात्यात या दिवशी यंत्रं पुजतात आणि काम बंद ठेवतात. त्या कार्यालयात दरवर्षी एक जुना संगणक मांडत. यंदा व्यवस्थापक तिला म्हणाला होता, "दिदी, तुमचा नवा आहे, तो द्या. आणि चालूच ठेवा. बंद यंत्राला कसला आशीर्वाद?"

"पण वाय-फायचा पासवर्ड?" मी विचारलं.

"तो पुन्हा कुठे विचारतो? पहिल्यांदा टाकतानाच 'लक्षात ठेवा'वर टिचकी मारली होती. सगळेच मारतात."

मी त्या अधिकाऱ्याला घेऊन कार्यालयात गेलो. तिच्याकडून तिचा लॅपटॉप सुरू करून घेतला, तिला खोलीबाहेर ठेवलं आणि त्याला म्हटलं, "चालव." त्याने काहीही टाइप न करता वाय-फाय जोडलं गेलं, आणि नोंद झाली तिच्या नावाची. म्हणजे लॉगने फक्त लॅपटॉप सांगितला होता, माणूस नाही.

आदेश गेला त्या वेळी, प्रसादाची खिचडी खाऊन सगळे तिथल्या रिवाजाप्रमाणे पतंग उडवायला गच्चीवर गेले होते. "मीही वरच होतो," व्यवस्थापक म्हणाला. मी प्रत्येकाचा जबाब वेगळा घेतला. कोणी पतंग उडवला, कोणी फिरकी धरली, सगळ्यांना आठवत होतं. व्यवस्थापकाला वर कोणीच पाहिलं नव्हतं.

तोवर ट्रकवाला हाती लागला होता. माझे वडील सियालदहच्या बाजारात कांदे विकत. भाव आधी आपण सांगायचा नाही, हे मी तिथेच शिकलो. व्यवस्थापकाला म्हटलं, "शेजारच्या खोलीत तुझा ट्रकवाला चहा पितोय. जो आधी बोलेल, त्याचं सहकार्य मी कोर्टाला कळवीन."

तो म्हणाला, "कळवाल ना नक्की?"

"आधी माल कुठे आहे ते सांग."

त्याने गोदाम दाखवलं. पंचांसमोर माल जप्त झाला.

पत्रकार परिषदेत श्रेय सायबर शाखेला गेलं, प्रशस्तिपत्रकही त्याच तरुणाला. माझं नाव शेवटच्या ओळीतही नव्हतं. ते मी विसरलेलो नाही आणि विसरल्याचं नाटकही करत नाही.

मालक मात्र म्हणाला, "बदनामी झाली. बाईंनी आपणहून राजीनामा दिला तर बरं."

जप्त माल सुटण्यासाठी माझा अहवाल कोर्टात जायचा होता. मी म्हणालो, "अहवालात ही बाई निर्दोष आहे असं लिहितोय. तरी तुम्ही तिला काढलंत, तर न्यायाधीश कारण विचारतील. तुम्ही काय सांगाल?" त्याने राजीनाम्याचा विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर नोंदीतलं नाव दिसलं, की ते वापरणारा हात कोणाचा, हे विचारल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही केली नाही.

पुढच्या पूजेला तिचा फोन आला. लॅपटॉप यंदाही देवापुढे ठेवला होता, पण बंद करून.

"मग आशीर्वाद मिळाला का?" मी विचारलं.

"ते देवाला माहीत, सर. लॉगिन मात्र कोणाला मिळालं नाही."