समोर एकच न्यायाधीश

सदानंद खानविलकर लहानपणापासून अडखळत बोलायचे. घरात कमी, परक्यांपुढे जास्त. आणि 'म'नं सुरू होणारा शब्द आला की पार अडकायचे. दुबईत रास अल खोरमधल्या सुट्या भागांच्या गोदामात सतरा वर्षं सुपरवायझर, पण सगळा कारभार मेलवर. पोरं म्हणायची, "सदानंदसाहेब पाणीसुद्धा मेल करून मागतात."

अशा माणसावर फौजदारी खटला उभा राहिला.

गोदामातली एक फोर्कलिफ्ट मागे येताना रुहान नावाच्या लोडरच्या पायावरून गेली. मागे जाताना वाजणारा हॉर्न बंद होता. रुहानचा घोटा मोडला. सदानंद त्या दिवशी रजेवर होते, पण देखभालीच्या रजिस्टरवर सही त्यांचीच. ठपका त्यांच्यावर आला, पासपोर्ट जमा झाला.

त्यांची सोळा वर्षांची अस्मी शारजातच वाढलेली. कोर्ट तिनं पाहिलं होतं ते अमेरिकन सिरीयलींत. ती म्हणाली, "बाबा, डोन्ट वरी. जज फक्त लॉ सांगतो. तुम्ही केलं की नाही, दॅट द ज्युरी डिसाइड्स. ट्वेल्व्ह नॉर्मल पीपल. दे जस्ट हॅव टू लाइक यू."

बारा परकी माणसं! अस्मीनं सदानंदांना रोल्लातल्या घराच्या छोट्या हॉलमध्ये सोफ्यासमोर उभं केलं. "बोला."

"म... म..." 'मी'च्या पुढे गाडी जाईना.

त्यात त्यांना आजोबांचं सांगणं आठवलं. आपल्याकडे ज्युरी होती तेव्हा आजोबा पुण्याच्या सेशन्स कोर्टात एकदा ज्युरीवर बसले होते. आरोपी नजरेला नजर देईना, म्हणून बहुतेकांनी त्याला दोषी ठरवलं. पुढे कळलं, त्याला धड दिसतच नव्हतं. आजोबांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं होतं. नजर चुकवणाऱ्याची ती गत, मग अडखळणाऱ्याचं काय होणार?

दुसऱ्या दिवशी ते बायकोला, छायाला, घेऊन वकिलांच्या ऑफिसात गेले. तिथली सहायक सुमैय्या हैदराबादची. सदानंदांनी कसाबसा विचारलेला प्रश्न ऐकून ती म्हणाली, "ज्युरी? अंकल, इधर ज्युरी नहीं होती. आपका केस छोटा है, एक ही जज साब बैठेंगे. फाइल पढ़ेंगे, गवाह सुनेंगे, वही फ़ैसला देंगे."

सदानंद चक्क हसले.

"हसताय काय?" छाया वैतागली. "सगळं एकाच माणसाच्या हातात! तो चुकला तर?"

"ऊपर अपील है, आंटी," सुमैय्या म्हणाली. "अंकल, कागज़ क्या है आपके पास?"

कागद! सदानंदांनी लॅपटॉप उघडला. अपघाताच्या दोन दिवस आधीची मेल होती: हॉर्न बंद आहे, गाडीला लाल पट्टी बांधली आहे, दुरुस्तीपर्यंत वापरू नये. सोबत फोटो. खाली मॅनेजरचं उत्तर, "ओके." सदानंद रजेवर गेले, बाहेर ट्रकांची रांग लागली, आणि त्याच मॅनेजरनं पट्टी काढायला लावली. रुहाननंही जबाबात तेच सांगितलं होतं. सुमैय्यानं मेल दोनदा वाचली. "अंकल, ये तो सोना है."

सुनावणीला न्यायाधीशांनी अरबीत विचारलं, दुभाष्यानं हिंदीत सांगितलं, "आरोप कबूल है?"

"म... मैं..." शब्द अडकला. दुभाषी वयस्क होता. त्यानं घाई केली नाही, फक्त हळूच म्हणाला, "आराम से."

"मैंने गाड़ी बंद... बंद रखी थी. मेल किया था."

दुभाष्यानं ते अरबीत एका दमात सांगितलं. सदानंद बघतच राहिले. आपलंच म्हणणं कुठेही न अडखळता समोरच्यापर्यंत गेलेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. न्यायाधीशांनी मान हलवली आणि फाइलचं पान उलटलं.

दोन आठवड्यांनी दुपारी सुमैय्याचा फोन आला. "अंकल, बराअत! बरी हो गए आप. खलास!"

निर्दोष! सदानंद गोदामातल्या लाकडी पॅलेटवर बसले. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. त्यांनी छायाला फोन लावला, ती हमसून रडायला लागली, मागून अस्मी ओरडली, "आय टोल्ड यू!"

संध्याकाळी ते थेट रुहानच्या खोलीवर गेले. खटला चालू असताना वकिलांनी भेटायला मनाई केली होती. रुहान प्लास्टरचा पाय उशीवर टाकून पडला होता. सदानंद दारातच थबकले.

"खड़े क्यों हो, साहब?" रुहान सरकत म्हणाला. "यल्ला, बैठो. बिर्याणी गरम है."

सदानंद बसले. तीन महिन्यांनी पहिल्यांदा त्यांना सपाटून भूक लागली होती.