ऑइल वाढवणारा वैद्य

आमच्या धक्क्यावर एक वैद्य होता. माणसांचा नव्हे, होडीच्या मागे टांगतात त्या पेट्रोल इंजिनांचा. हे नाव लोकांनी टोमणा म्हणून ठेवलं. त्याला ती पदवी वाटली आणि तो ती मिरवत राहिला.

त्याची तपासणी बघण्यासारखी असे. इंजिन चालू करायला लावायचा, झाकणावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "हं. जरा घसा बसलाय." एवढं झालं की चहा. त्याच्या हातात पाना मी क्वचितच पाहिला. मी होड्या ओढून किनाऱ्यावर घ्यायच्या कामात हयात काढली. कोण राबतो आणि कोण राबल्यासारखा दिसतो, हे मला पाठीवरून कळतं. वैद्याच्या शर्टाची पाठ कधी भिजली नाही.

ऑइल बदलणं हे कंटाळ्याचं काम. इंजिन थोडा वेळ चालवून गरम करायचं, म्हणजे घाण ऑइलबरोबर निघते. खालचा स्क्रू काढायचा. जुनं ऑइल पूर्ण गळू द्यायचं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. स्क्रूखालचा वॉशर नवा टाकायचा, नवं ऑइल मोजून भरायचं आणि इंजिन सरळ उभं ठेवून पट्टी बघायची, किती भरलंय ते. यात फार डोकं लागत नाही. वाकावं लागतं आणि थांबावं लागतं. वैद्याला दोन्ही जमत नसे. तो पट्टी ओढून बघायचा, कमी दिसलं तर वरून ओतायचा. म्हणायचा, "जुन्यात नवं मिसळलं की जुनंही सुधारतं."

त्याच्या धाकट्या बहिणीची होडी माणसं खाडीपार नेते. नवऱ्याची कंबर कामातून गेल्यापासून ती एकटीच चालवते. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. इंजिन बंद तर चूल बंद. त्या इंजिनाची देखभाल सख्ख्या भावाकडे, तीही फुकट. फुकटच्या कामाला नाही म्हणता येत नाही, आणि नावंही ठेवता येत नाहीत.

पलीकडचा काठ जवळ. इंजिन जेमतेम कोमट होतं तोवर होडी पोचते. असं सतत हळू आणि थंड चालणारं इंजिन सगळं पेट्रोल जाळत नाही. थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून अशा इंजिनाचं ऑइल लवकर बदलावं लागतं. हे धक्क्यावर सगळ्यांना माहीत होतं, वैद्य सोडून.

एका दुपारी त्याने तिच्या इंजिनाची पट्टी काढली आणि उंच धरली.

"बघा! लोकांची इंजिनं ऑइल पितात. माझ्या हाताखालचं इंजिन ऑइल वाढवतं! मागच्यापेक्षा वर आलंय."

जाळी दुरुस्त करत बसलेला एक जण म्हणाला, "मग उतू जाईल हो. डबे आणून ठेवू का?"

"तुला काय कळतंय? याला हातगुण म्हणतात."

सगळे हसले. बहीण हसली नाही. तिने पट्टीवरचा थेंब बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला.

"दादा, याला पेट्रोलचा वास येतोय. आणि पाण्यासारखं पातळ झालंय."

"सकाळी टाकी भरलीस ना? तुझ्या बोटालाच वास आहे."

"मग तू घे वास."

"मला सर्दी झालीय."

सर्दी! एवढा वेळ घसा खणखणीत होता.

"भर प्रवाहात इंजिन जाम झालं तर? होडीत माणसं असतात, दादा."

"सख्ख्या भावावर विश्वास नाही का तुझा?"

त्याच्याकडे हे एकच हत्यार होतं, आणि ते मात्र तो नेमाने वापरायचा. बहिणीने पट्टी पुसून परत खोचली.

दुसऱ्या दिवशी पलीकडून येताना इंजिन ठकठक करू लागलं. तिने होडी कशीबशी काठाला लावली, माणसं उतरवली, थांबलेल्यांना सांगितलं, "आज होडी बंद." घरी जाऊन पातेलं घेऊन आली. मागून नवरा काठी टेकत आला.

"अगं, भाऊ काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. त्याचं बोलणं ऐकून होडी चालते का?"

मग माझ्याकडे वळली. "काका, स्क्रू कुठल्या बाजूला फिरवू?"

मी बाजू सांगितली. जोर तिनेच लावला. स्क्रू हलेना, कित्येक दिवसांत त्याला कुणी हातच लावला नव्हता. ती पान्यावर अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळली, तेव्हा सुटला. काळं, पाण्यासारखं पातळ ऑइल धो धो आलं. पातेलं भरलं, बादली आणावी लागली. तिने त्यात बोटं घालून लोखंडाचा कीस लागतो का ते बघितलं. लागला नाही. आतलं इंजिन वाचलं होतं, वैद्याला न जुमानता.

तेवढ्यात तो आला. बादलीकडे बघून त्याचा चेहरा पडला.

"माझं वाढवलेलं ऑइल फेकलंस?"

नवं ऑइल भरल्यावर ठकठक थांबली. आपल्या बहिणीचं इंजिन शिल्लक राहिलं, ती बुडाली नाही, याचा त्याला आनंद झाला असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने या माणसाला बघितलं नाही. त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. धक्क्यावर मात्र सांगत सुटला की तिने मुरलेलं ऑइल वाया घालवलं. जसं काही लोणचंच.

आठवड्याभरात त्याची बायको बहिणीकडे आली.

"वन्सं, माझ्या बाबांच्या होडीचं इंजिनही यांच्याच देखरेखीखाली आहे हो. तुम्ही बघाल का? यांना कळू न देता."

"चोरून नाही करणार, वहिनी. त्यालाही घेऊन या. कोणीतरी पातेलं धरायला हवंच."

तो येणार नाही, यावर मी पैज लावली असती. आला. बायकोने काय दम दिला ते तिलाच ठाऊक. इंजिन तापवून झालं, बहिणीने पाना लावला. वैद्य मान दुसरीकडे फिरवून पातेलं धरून बसला. स्क्रू सुटला तसं ऑइल त्याच्या पँटवरून पायरीवर ओघळू लागलं.

"दादा, सरळ धर."

"सरळच आहे."

नव्हतं.